घटक ४ : किताब, व्यक्ती आणि प्रदेश – वऱ्हाडातून गेलेला एक स्पॅनिश ड्यूक

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास किताब आणि पदनाम यांची भाषिक घडण उलगडून दाखविता यावी. एखाद्या किताबाचा मूळ अर्थ आणि त्यामागील प्रत्यक्ष सत्ता यांतील अंतर ओळखता यावे. तसेच आपल्या परिसरातील ऐतिहासिक नामांचे उच्चार व लेखन तपासण्याची दृष्टी यावी, अशी अपेक्षा आहे.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आडनावे व ग्रामनामे यांचा अभ्यास केला. या घटकात किताबांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेली व्यक्ती आपणास प्रथमदर्शनी दूरची वाटेल. स्पेनच्या उमराववर्गात १८१२ साली एका परक्या माणसाचा समावेश झाला आणि त्याला 'दुके दे सिउदाद रोद्रिगो', म्हणजे सिउदाद रोद्रिगोचा ड्यूक, असा किताब मिळाला. पुढे हाच माणूस पॅरिसला राजदूत म्हणून गेला आणि युरोपातील राष्ट्रांच्या परिषदांत बसला. तत्पूर्वी नऊ वर्षे, १८०३ च्या डिसेंबरात, तो आजच्या अमरावती जिल्ह्यात तळ देऊन होता. अचलपूरजवळच्या देवगावला आणि शहानूर नदीकाठच्या सुर्जी-अंजनगावला झालेल्या तहांवर कंपनीच्या बाजूने त्याचीच सही आहे. आर्थर वेलस्ली हे त्याचे नाव. जग त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखते.

त्याच्यासमोर, तहाच्या दुसऱ्या बाजूला, तितकेच भारदस्त किताब होते. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले हे 'सेनासाहेबसुभा' होते, दौलतराव शिंदे 'आलीजाह' होते. या किताबांची भाषा समजली, की त्या तहांत कोणी काय गमावले हेही अधिक स्पष्ट दिसते. आपला अभ्यासविषय भाषा आहे. तथापि येथे भाषेला इतिहासापासून वेगळे काढता येत नाही.

४.२ 'किताब' या शब्दाविषयी

मराठीत 'किताब' हा शब्द दोन अर्थांनी येतो : पुस्तक आणि सन्मानाची पदवी. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, असे अनेक विद्यार्थी लिहितात. वस्तुतः हे दोन भिन्न अरबी शब्द आहेत. लिहिण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून 'किताब' (पुस्तक) आला. संबोधण्याचा अर्थ असलेल्या दुसऱ्या धातूपासून 'ख़िताब' आला. मराठीत घशातून उच्चारला जाणारा मूळ ख़ टिकला नाही. कोठे त्याचा 'ख' झाला, कोठे 'क', आणि दोन्ही शब्द उच्चाराने एक झाले. तेव्हा किताब म्हणजे मुळात संबोधन होय; एखाद्याला दरबाराने कोणत्या नावाने हाक मारावी, याची ठरवून दिलेली रीत.

'पदवी' हा संस्कृत शब्द. पाऊलवाट, मार्ग, मग दर्जा, असा त्याचा अर्थप्रवास आहे. आज आपण ज्या अभ्यासक्रमासाठी ही पुस्तिका वाचत आहात त्याच्या शेवटी मिळणारी वस्तू हाच त्याचा रूढ अर्थ झाला आहे. 'बिरुद' हे बहुधा स्तुतीच्या संदर्भात येते. 'बिरुदावली' या शब्दात ते दिसते. 'उपाधी' मात्र सावधपणे वापरावा, कारण मराठीत त्याला कटकट, त्रास हाही अर्थ चिकटलेला आहे. किताब मिळविणाऱ्या पुष्कळांना हे दोन्ही अर्थ एकत्रच अनुभवावे लागले, हे पुढे दिसेलच.

४.३ सेनासाहेबसुभा

हा किताब शाहू महाराजांनी परसोजी भोसले यांना दिला आणि वऱ्हाडाचा मोकासा त्यांच्याकडे आला. पुढे कान्होजी आणि त्यांच्यानंतर पहिले रघुजी या किताबाचे धनी झाले. शाहूकाळात याच घडणीचे आणखी किताब प्रचारात होते : दाभाड्यांकडून गायकवाडांकडे गेलेला 'सेनाखासखेल', भोसले घराण्यातच मुधोजींना मिळालेला 'सेनाधुरंधर', आणि 'सरलष्कर'.

'सेनासाहेबसुभा' हा समास विग्रहासाठी फार उद्बोधक आहे. 'सेना' संस्कृत, 'साहेब' अरबी, 'सुभा' म्हणजे प्रांत हाही अरबीतून फारसीमार्फत आलेला. सामासिक क्रम मात्र संस्कृत पद्धतीचा नाही. मराठीने स्वतः हा शब्द घडविला असता तर 'सुभ्याचा साहेब' या अर्थी 'सुभासाहेब' असा क्रम आला असता. येथे 'साहेब' आधी व 'सुभा' नंतर आहे, कारण मागे फारसीतील 'साहिब-इ-सूबा' ही रचना आहे. मोगली कारभारात सुभेदाराला हाच शब्द होता. त्या फारसी पदाच्या डोक्यावर 'सेना' हा संस्कृत शब्द ठेवून सातारच्या दरबाराने नवा किताब घडविला. सैन्य आणि प्रांत या दोहोंचा अधिकार एका शब्दात आला. अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवहाराची मिश्र भाषा ज्याला एका शब्दात पाहावयाची असेल, त्याने हा शब्द पाहावा.

हा किताब वारसाने आपोआप चालत नसे. छत्रपतींच्या नावाने वस्त्रे यावी लागत आणि ती प्रत्यक्षात पुण्याहून, पेशव्यांच्या इच्छेने येत. १७५५ साली पहिल्या रघुजींच्या निधनानंतर जानोजी व मुधोजी या भावांत किताबासाठी वाद झाला. जानोजी १७७२ साली वारल्यावर साबाजी व मुधोजी यांच्यातील तंटा तर रणांगणावर गेला. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. मुधोजींचा मुलगा जानोजींनी दत्तक घेतला होता, तेच दुसरे रघुजी. एका शब्दासाठी भाऊ भावावर चालून गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो शब्द ज्याचा, त्याचीच प्रांतातील वसुली कायदेशीर, हे त्यामागचे कारण होते. वऱ्हाडात ही वसुलीही दुहेरी असे. निजाम आणि भोसले या दोन्ही सत्ता एकाच प्रदेशातून महसूल घेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने किताब दोन होते, शेत एकच.

४.४ आर्थर वेलस्लीचे किताब

आर्थरचा जन्म १७६९ सालचा, आयर्लंडमधील एका उमराव घराण्यातला. घराण्याचे नाव तेव्हा 'वेस्ली' असे लिहीत. १७९८ साली ते 'वेलस्ली' झाले. अर्लचा धाकटा मुलगा असल्याने त्याला स्वतःचा किताब नव्हता, केवळ 'ऑनरेबल' हे सौजन्याचे विशेषण होते. १७९७ साली तो पलटणीचा कर्नल म्हणून हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड येथे गव्हर्नर जनरल झाला. श्रीरंगपट्टण १७९९ साली पडले. १८०३ साली अहमदनगर, मग २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड. या सर्वांबद्दल त्याला १८०४ साली 'नाइट ऑफ द बाथ' हा मान मिळाला आणि नावामागे 'सर' लागले. १८०५ साली तो परत गेला.

पुढचे किताब युरोपातील लढायांचे. स्पेन व पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढताना १८०९ साली तो 'व्हायकाउंट वेलिंग्टन' झाला. सॉमरसेटमधील वेलिंग्टन हे गाव त्याच्या भावाने, विल्यमने, निवडले ते मुख्यतः 'वेस्ली'शी नाद जुळतो म्हणून. अनुप्रासावर ठरलेला हा किताब पुढे जगाच्या नकाशावर शहरांना व छावण्यांना लागला. आपल्याकडे निलगिरीतही एक वेलिंग्टन आहे.

१८१२ च्या जानेवारीत त्याने सिउदाद रोद्रिगो हे तटबंदीचे शहर घेतले आणि त्याच महिन्यात स्पेनने त्याला त्या शहराचा ड्यूक व 'ग्रांदे', म्हणजे पहिल्या प्रतीचा उमराव, केले. इंग्लंडमध्ये तेव्हा तो केवळ व्हायकाउंट होता. तेथे अर्ल व मार्क्विस तो त्याच वर्षी पुढे झाला आणि ड्यूक व्हायला १८१४ उजाडले. मायदेशाआधी परदेशाने त्याला सर्वोच्च दर्जा दिला, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांपेक्षा आपल्या विषयाला अधिक महत्त्वाची आहे. शिवाय स्पेनचा राजा सातवा फर्नांडो त्या वेळी फ्रान्समध्ये नजरकैदेत होता. किताब दिला तो कादिझ येथील राज्यप्रतिनिधींनी, अनुपस्थित राजाच्या नावाने. सातारच्या छत्रपतींच्या नावाने पुण्याहून जाणारी वस्त्रे येथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. पोर्तुगालने त्याला व्हिमेइरोचा काउंट, तोरेस वेद्रासचा मार्क्विस व व्हितोरियाचा ड्यूक केले. वॉटर्लूनंतर १८१५ साली नेदरलँड्सच्या राजाने 'प्रिन्स ऑफ वॉटर्लू' केले.

या सर्व नावांत एक उणीव दिसते का, पाहा. तालावेरा आहे, डुरो नदी आहे, वॉटर्लू आहे. असई, अडगाव, गाविलगड कोठेच नाही. हिंदुस्थानातील एकही ग्रामनाम त्याच्या किताबात गेले नाही. लढाई मोठी की लहान, हे येथे पुरेसे कारण नाही. असईची लढाई आपल्या कर्तृत्वात तो स्वतः फार वरची मानीत असे. किताबातील ग्रामनाम हे देणाऱ्याच्या भूमीचे असते. येथे देणारा कोणी उरलाच नव्हता.

४.५ मूळ अर्थ आणि रूढ अर्थ

'ड्यूक', स्पॅनिश 'दुके', हे लॅटिन 'दुक्स'पासून आलेले, अर्थ सेनानायक. 'काउंट', स्पॅनिश 'कोन्दे', हे लॅटिन 'कोमेस'पासून. अर्थ राजाचा सोबती. 'मार्क्विस' म्हणजे सीमेवरील मुलखाचा अधिकारी. म्हणजे 'ड्यूक' व 'सेनासाहेब' हे मूळ अर्थाने जवळचे शब्द आहेत. त्यामुळे मराठी अनुवादक 'ड्यूक'साठी 'महाराज' किंवा 'राजपुत्र' लिहितात तेव्हा ते मला पटत नाही. मूळ शब्द ठेवावा, किंवा 'उमराव' म्हणावे.

स्पॅनिश भाषेत अरबीचा मोठा ठेवा आहे हेही ध्यानात घ्या. तेथील नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-काझी'पासून आलेला. आपला 'काझी' तोच. सिउदाद रोद्रिगोचा आल्काल्दे आणि बाळापूरचा काझी यांची पदनामे एकाच मुळाची, कामे वेगळी. तसेच स्पॅनिशमधील आदरार्थी सर्वनाम 'उस्तेद' हे 'आपली कृपा' या अर्थाच्या 'वुएस्त्रा मेर्सेद' या संबोधनाची झीज होऊन बनले आहे. संबोधन झिजून व्याकरणात उतरते ते असे.

मराठीत हे काम आदरार्थी बहुवचन करते. या घटकातच आपण 'रघुजींनी' आणि 'वेलस्लीने' असे वाचत आहात. परक्याला एकवचन व आपल्याला बहुवचन, ही मराठी इतिहासलेखनातील जुनी वहिवाट आहे. ती मी येथे मोडलेली नाही. परंतु तीही एक प्रकारची किताबवाटणीच आहे.

४.६ देवगाव व अंजनगाव : तहाची भाषा

देवगावचा तह १७ डिसेंबर १८०३ चा. त्याच्या इंग्रजी मसुद्यात रघुजींचा उल्लेख प्रत्येक ठिकाणी 'सेनासाहेबसुभा' या किताबासह येतो. दुसऱ्या बाजूला 'ऑनरेबल' कंपनी आणि 'ऑनरेबल' आर्थर वेलस्ली. एकाच विशेषणाचे येथे दोन उपयोग आहेत : व्यक्तीला ते जन्माने मिळाले, व्यापारी मंडळीला शिष्टाचाराने. मराठी कागदांत हीच मंडळी 'कंपनी इंग्रज बहादूर' म्हणून येते. 'बहादूर' हा व्यक्तीचा किताब एका व्यापारी संस्थेला लागला, ही शब्दार्थाच्या दृष्टीने मोठी घटना आहे.

तहाने रघुजींना कटक प्रांत बालासोरसह सोडावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील महसुलावरचा हक्क, म्हणजे वऱ्हाड, सोडावा लागला. नरनाळा व गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तेवढा राहिला. वऱ्हाड पुढील वर्षी निजामाकडे गेले. ज्या प्रांताचा 'सुभा' किताबात होता तो प्रांत गेला. किताबाला कोणी हात लावला नाही. तहाच्या कलमांत सर्वांत आदराने लिहिलेला शब्द हाच सर्वांत रिकामा झालेला शब्द होता.

रघुजींच्या वतीने बोलणी केली ती यशवंतराव रामचंद्र यांनी. शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह ३० डिसेंबरला झाला. त्यांच्या बाजूला विठ्ठलपंत, मुन्शी कमलनयन आदी मंडळी होती. अशा व्यक्तींना त्या काळी 'वकील' म्हणत. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, हा त्या अरबी शब्दाचा अर्थ. शिवकाळात याच कामासाठी 'हेजीब' हा शब्दही होता. न्यायालये आली तशी 'वकील' या शब्दाची कक्षा कोर्टापुरती आखडली आणि परराज्यातील कामासाठी 'राजदूत' हा संस्कृत शब्द पुन्हा पुढे आला.

विठ्ठलपंतांविषयी एक आठवण जॉन माल्कमच्या चरित्रात आली आहे. चेहऱ्यावर काहीही न दाखविणाऱ्या या वृद्ध मुत्सद्द्याला इंग्रज अधिकाऱ्यांनी आपसांत पत्त्यांच्या एका खेळावरून टोपणनाव ठेवले होते. पुढे पॅरिसमध्ये माल्कमने वेलिंग्टनला तालेराँविषयी, म्हणजे फ्रान्सच्या त्या विख्यात परराष्ट्रमंत्र्याविषयी, मत विचारले. तो त्या म्हाताऱ्यासारखाच आहे, पण तितका हुशार नाही, अशा आशयाचे उत्तर वेलिंग्टनने दिले. वेलिंग्टन १८१४ साली पॅरिसला राजदूत होता, १८१५ च्या आरंभी व्हिएन्नाच्या परिषदेत ब्रिटनचा प्रतिनिधी होता, १८२२ साली व्हेरोनाला गेला. युरोपातील मुत्सद्देगिरीच्या या शाळेत शिरण्याआधी त्याचे काही धडे अंजनगावच्या तळावर झाले होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही. विठ्ठलपंतांना मात्र 'पंत' याखेरीज कोणताही किताब इतिहासाने दिला नाही.

४.७ ग्रामनामांचा फेरा

इंग्रजी कागदांत अडगावचे 'आर्गॉम' झाले. याला कारण ध्वनिशास्त्रीय आहे. दोन स्वरांमधला अथवा शब्दाच्या मध्यातील मराठी 'ड' उच्चारताना जीभ मूर्धेला झटकन आपटून सुटते. इंग्रज कानाला तो 'र'सारखा ऐकू आला. 'गड'चा 'घर' झाला तोही याच वाटेने. शेवटचा 'म' हा 'गांव'मधील अनुनासिकाचा लेखी अवशेष. नासिक्य स्वर 'म'ने दाखविण्याची रीत पोर्तुगीज लेखनात होती आणि 'बेळगाव'च्या इंग्रजी रूपातही ती दिसते. इथवर काही बिघडले नाही. बिघडले ते पुढे : मराठी लेखकांनी इंग्रजी पुस्तके वाचून 'अरगाव' असे नवे गाव निर्माण केले आणि ते आजही क्रमिक पुस्तकांत आढळते. तेल्हारा तालुक्यात जाऊन 'अरगाव कोठे' असे विचारल्यास कोणी सांगू शकणार नाही. स्वतःच्या गावाचे नाव परक्याच्या कानाने ऐकून लिहिणे, हे अभ्यासकाला शोभत नाही.

४.८ प्रदेशाविना किताब

किताब टिकतो, प्रदेश जातो, याची वऱ्हाडाशी निगडित आणखी दोन उदाहरणे पाहू.

नागपूरचे राज्य तिसऱ्या रघुजींच्या १८५३ मधील मृत्यूनंतर खालसा झाले. १८५७ नंतर इंग्रज सरकारने घराण्यातील दत्तक जानोजी यांना 'राजाबहादूर ऑफ देऊर' असा किताब दिला. देऊर हे सातारा जिल्ह्यातील भोसल्यांचे गाव. जेथून घराणे बाहेर पडले त्या गावाच्या नावात, दीड शतकानंतर, त्याचा किताब येऊन थांबला.

दुसरे उदाहरण निजामाचे. वऱ्हाड १८५३ साली त्याने कंपनीच्या कारभारात दिले, १९०२ साली ते कायम भाडेपट्ट्याने गेले. कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला, कायदे तेथले, अधिकारी तेथले. १९३६ च्या करारात मात्र निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. अमरावती-अकोल्यात या राजपुत्राची सत्ता कधी चालली नाही. सिउदाद रोद्रिगोच्या ड्यूकला त्या शहराचा कर घेता येत नाही, तरी किताब आजही वेलिंग्टनच्या घराण्यात चालू आहे; तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की स्पेनमध्ये हा किताब कृतज्ञतेने दिला गेला आणि हैदराबादेत तो, मुलूख परत न देण्याची भरपाई म्हणून.

त्याच काळात वऱ्हाडात लोकांनी दिलेली संबोधनेही रुजत होती. रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांना सरकारने 'रावबहादूर' केले. गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांना लोकांनी 'दादासाहेब' केले. पंजाबराव देशमुख यांचे 'देशमुख' हे आडनाव वतनी पदनाम आहे, 'डॉक्टर' ही विद्यापीठाची पदवी आहे, आणि वऱ्हाड त्यांना 'भाऊसाहेब' म्हणते. या तिघांतील शेवटचे संबोधन कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध झाले नाही. भारतीय संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्याने किताब देण्याची प्रथा, सैनिकी व शैक्षणिक मानांखेरीज, बंद केली. नात्याच्या शब्दांना तो अनुच्छेद लागू होत नाही.

४.९ स्वाध्याय

१. 'सेनासाहेबसुभा' या समासाचा विग्रह करून त्यातील पदक्रम फारसी का मानावा, ते सोदाहरण स्पष्ट करा. 'सेनाखासखेल' व 'सरलष्कर' यांची घडण याच पद्धतीने तपासा.

२. 'वकील' या शब्दाच्या अर्थात झालेला बदल अर्थसंकोच आहे की अर्थांतर? आपले मत कारणे देऊन मांडा.

३. देवगावच्या तहाने प्रदेश गेला व किताब राहिला. या विधानाच्या आधारे पदनाम आणि सत्ता यांच्या संबंधावर सुमारे ३०० शब्दांत टीप लिहा.

४. इतिहासलेखनातील आदरार्थी बहुवचनाच्या वापराविषयी दोन मराठी इतिहासग्रंथांची तुलना करा. कोणाला बहुवचन मिळते व कोणाला मिळत नाही, याची नोंद ठेवा.

उपक्रम : आपल्या गावातील वा शेजारच्या गावातील किमान वीस आडनावे गोळा करा. त्यांतील देशमुख, देशपांडे, पाटील, काझी, चौधरी यांसारखी पदनामे वेगळी काढा. त्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला गावात प्रत्यक्ष कोणत्या शब्दाने हाक मारतात ते आडनावासमोर लिहा. नोंद वऱ्हाडी उच्चारानुसारच करावी. प्रमाण मराठीत तिचे रूपांतर करू नये.